काकासाहेबांचं जावळ

काकासाहेब वाघमोडे म्हशीला भितात, ही गोष्ट जालन्यातल्या त्यांच्या सबंध गल्लीला ठाऊक होती. सरकारला तेवढी ठाऊक नव्हती, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

साल चौऱ्याहत्तर, महिना एप्रिल. काकासाहेब एका सरकारी कचेरीत वरिष्ठ कारकून. वय अडतीस, वजन दोन मण, आणि डोक्यावर दाट कुरळे केस. या केसांवर त्यांचा भारी जीव. सकाळी आंघोळीनंतर पाव तास ते आरशासमोर असत, आणि त्या पाव तासात घराला आग लागली असती तरी त्यांनी भांग पुरा करूनच पाणी आणलं असतं. त्यांच्या बदलीचं वारं फेब्रुवारीपासून सुटलेलं होतं आणि ते सरळ किनवटच्या दिशेनं वाहत होतं. किनवट म्हटलं की मराठवाड्यातला नोकरदार आधी रजेचा अर्ज लिहितो. जंगल, हिवताप आणि घरापासून दीड दिवसाची वाट. बायको प्रभावती जालन्यातच शाळेत मास्तरीण, तिला हलता येणार नव्हतं. म्हातारे वडील, बिरूआबा, ओट्यावरची आपली जागा सोडून कोपऱ्यावरच्या पाणपोईपर्यंत जायला तयार नसत. म्हणजे एकटे काकासाहेब किनवटला. आणि काकासाहेबांना तर चहासुद्धा करता येत नव्हता.

अशात कचेरीत परिपत्रक आलं. ‘ग्रामीण संपर्क सहायक’ अशी एक नवी जागा निघाली होती. मुक्काम जालना. अट एकच: ‘उमेदवाराने आपले ग्रामीण बालपण, छंद आणि आवडीनिवडी यांचा परिचय दोनशे शब्दांत स्वहस्ते लिहून द्यावा.’

काकासाहेबांचं बालपण गेलं होतं जालन्याच्या स्टेशनामागच्या चाळीत. बिरूआबा मूळचे मेंढेवाडीचे. हसनाबादच्या पुढं कच्च्या रस्त्यानं चार मैल गेलं की ही धनगरांची वाडी लागते. पण काकासाहेब दोन वर्षांचे असतानाच आबांनी वाडी सोडली आणि गोदामात हमाली धरली. वाडीचं नाव घरात काढायचं नाही, असा आबांचा हुकूम होता. कारण कोणी विचारलं नाही, कारण आबांना काही विचारायची घरात पद्धत नव्हती.

“पण तुमचे छंद काय आहेत?” प्रभावतीनं विचारलं.

काकासाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. साप्ताहिकातली शब्दकोडी सोडवणं, कोळशाच्या इस्त्रीनं स्वतःच्या विजारीला कडक घडी पाडणं, आणि रविवारी सायकल पुसणं. सायकल तर ते अशी पुसत की चाकाच्या एकेका तारेला वाटावं आज आपलं लग्न आहे. पण हे छंद कुठल्या सरकारच्या उपयोगाचे?

शेजारचे सर्जेराव मदतीला धावून आले. सर्जेराव हे निवृत्त गिरदावर, म्हणजे शेतपिकांची पाहणी करणारे महसुली अंमलदार. निजामाच्या काळात नोकरीला लागले होते, त्यामुळे सरकार या प्राण्याची नस आपल्याला कळते, असं त्यांचं मत होतं. ते म्हणाले, “छंद चार लिहा. तीन लिहिले तर माणूस आळशी वाटतो, पाच लिहिले तर कामचुकार. चार म्हणजे बराबर. अन् सायकलीचं नाव काढू नका. सायकल पुसणारा माणूस सरकार टेबलावर बसवतं.”

तेव्हा काकासाहेबांनी टाक उचलला आणि सुंदर वळणदार अक्षरात परिचय लिहिला. ‘मी खेड्याच्या मातीत वाढलो. मेंढेवाडीच्या नदीत मी पोहायला शिकलो. मेंढरांमागे फिरताना बासरी हीच माझी सोबतीण. तालमीच्या लाल मातीने माझे अंग घडवले. बासरीवादन, जलतरण, मल्लविद्या आणि गुराढोरांची शुश्रूषा हे माझे छंद होत.’ असे मोजून दोनशे शब्द. शेवटी शेवटी तर लिहिता लिहिता त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत चालला होता.

“अहो, परवा म्हैस आडवी आली म्हणून तुम्ही मंडईला वळसा घालून आलात,” प्रभावती म्हणाली.

“ती म्हैस शहरातली होती,” काकासाहेब म्हणाले.

कचेरीचे साहेब पुण्याचे. जन्म पेठेत, शिक्षण पेठेत, त्यामुळे खेडं या वस्तूवर त्यांचं लांबून फार प्रेम होतं. परिचय वाचून त्यांनी काकासाहेबांना बोलावलं आणि त्यांच्याकडे असं पाहिलं की काकासाहेबांना आपल्या खांद्यावर घोंगडी असल्याचा भास झाला. “वाघमोडे, इतकी वर्षं माझ्यासमोर बसता आणि बोलला नाहीत!” साहेब म्हणाले. मग त्यांनी तांबड्या शाईत शेरा मारला: ‘उत्तम. बालपण सदर गावी गेल्याबद्दल ग्रामसेवकाचा दाखला जोडावा.’

सरकारचं हे असं असतं. दोनशे शब्द त्याला मनापासून आवडतात, आणि दोनशे एकावा शब्द दाखला असतो.

कचेरीतला शिपाई तातेराव हा योगायोगानं मेंढेवाडीचाच. तो म्हणाला, “साहेब, काही फिकीर करू नका. ग्रामसेवक आपल्या बैठकीतला हाय. तुमाला वळखणारी दोन जुनी माणसं सही-अंगठ्याला पाहिजेत, बस्स. बिरूआबाचं पोरगं म्हणल्यावर गाव उलटंपालटं होईल.”

तेव्हा आबांना ‘कचेरीचा दौरा आहे’ असं सांगून काकासाहेब तातेरावाबरोबर हसनाबादच्या गाडीत बसले. पुढचे चार मैल बैलगाडीनं. बैल हा म्हशीचाच जातभाई असल्यानं काकासाहेब सगळा रस्ता गाडीच्या मागच्या टोकाला बसून गेले.

चावडीपुढच्या निंबाखाली गाव जमलं. तातेरावानं परिचय मोठ्यानं वाचून दाखवला आणि गावानं तो फार गंभीरपणे ऐकून घेतला. पहिली हरकत नदीवर आली.

“नदी कुठं हाय आपल्याला?” एकजण म्हणाला. “वढा हाय, त्यो बी दोन महिने.”

“आसू द्या,” दुसरा म्हणाला. “सरकारला नदी आवडती. लिहिलंय तं लिहिलंय.”

“कुस्ती कोणासंग खेळला ते न्हाई लिहिलं,” तिसरा म्हणाला. हा काकासाहेबांच्याच वयाचा, पीळदार मिशांचा गडी. “माझ्यासंग खेळला म्हणून लिवा. मी बिलकुल ना म्हणत न्हाई. फक्त मी जिंकलो असं लिवा.”

दहा मिनिटांत साऱ्या वाडीनं काकासाहेबांना लहानाचं मोठं केलं. कोणी त्यांना विहिरीत ढकललं होतं, कोणी त्यांच्या बासरीवर रडलं होतं. एका म्हाताऱ्याला तर त्यांनी चोरलेली कैरीही आठवली, आणि त्या कैरीबद्दल त्यानं आज त्यांना खरोखर चार शब्द सुनावले. काकासाहेबांनी माफी मागितली. ग्रामसेवकानं शाईची बाटली उघडली आणि पहिल्या अंगठ्यासाठी बायनाबाईकडे कागद सरकवला. बायनाबाई म्हणजे आबांची चुलत बहीण, वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई. तिचा अंगठा लागला की बाकी गाव मागे येणार.

बायनाबाईनं अंगठा पदराखाली घेतला.

“ह्याचं जावळ कुठं काढलं?” तिनं विचारलं.

काकासाहेबांना प्रश्नच कळेना. तेव्हा बायनाबाईनंच सांगितलं. मेंढेवाडीच्या लेकराचं जावळ बिरोबाम्होरं निघतं. मामानं मांडीवर घ्यायचं, आत्यानं पदरात केस झेलायचे. त्या दिवसापासून लेकरू गावाचं. काकासाहेबांच्या जावळाचा दिवसही ठरला होता. आबांनी कळपातला मेंढा देवाला आणला, आणि त्यांचा थोरला भाऊ म्हणाला, मेंढा लंगडा हाय, लंगडा देवाला चालत न्हाई. आबा म्हणाले, लंगडा न्हाई, चालायची ढब तशी हाय. त्यावरून अशी जुंपली, की आबांनी जावळासकट पोरगं काखोटीला मारून जालना गाठलं आणि स्टेशनाजवळच्या न्हाव्याकडून निजामाच्या हाली नाण्यातले दोन आणे देऊन केस काढून टाकले. थोरला भाऊ पुढं वारला, पण आबा मातीलाही आले नाहीत.

“मंग हा गावचा कसा?” बायनाबाई म्हणाली.

“पण आत्याबाई, एवढं सगळं तर तुम्ही लिहून देतच आहात!” काकासाहेब काकुळतीला आले. “नदी नाही, तीही चालली!”

“ते सरकारला सांगायचं हाय, बाबा. सरकारला काय बी सांगता येतं. बिरोबाला कसं सांगू? देवाला सगळं म्हाईत आसतंय.”

गावानं माना हलवल्या. ज्या गावानं घटकाभरात नदी, तालीम आणि कैरी उभी केली होती, ते गाव एका जावळावर हटून बसलं. काकासाहेबांनी युक्तिवाद केला, ग्रामसेवकानं नियम सांगितला, तातेरावानं पाया पडून पाहिलं. अखेर ठरलं असं, की येत्या रविवारी, म्हणजे बिरोबाच्या वारी, काकासाहेबांचं जावळ काढायचं आणि मग अंगठे लावायचे. देवाचं आधी, सरकारचं नंतर.

आठवडाभर काकासाहेब आरशासमोर पाव तासाऐवजी अर्धा तास राहू लागले. एका पारड्यात केस आणि दुसऱ्यात किनवट. केस परत येतात, किनवटहून माणूस कधी येतो याचा भरवसा नाही. शनिवारी त्यांनी मनाचा हिय्या केला.

मामा मिळवायला तातेराव राजूरला गेला. काकासाहेबांच्या आईला जाऊन बारा वर्षं झालेली, पण तिचा भाऊ पुंजाराम अजून होता. वय बहात्तर, अंगावर मांस असं नव्हतंच. त्यानं बिरोबाच्या देवळापुढं घोंगडी अंथरून मांडी घातली, समोर उभ्या असलेल्या भाच्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “हे लेकरू?”

गाव विचारात पडलं. मामाची मांडी तर पाहिजे, आणि मामा जगलाही पाहिजे. वाडीत शिकलेलं फारसं कोणी नव्हतं, पण अशा अडचणीतून वाट काढायला शिक्षण लागत नाही. मामाच्या दोन्ही बाजूंना विटा रचल्या. विटांवर आडवा पाट टाकला. पाट मामाच्या मांडीला नुसता शिवेल इतपत. आणि पाटावर काकासाहेब. म्हणजे भार विटांवर आणि मान मामाचा. ग्रामसेवकाला ही व्यवस्था फार आवडली. त्याच्या खात्याचे पूलही असेच कागदोपत्री उभे असायचे.

काकासाहेब विजारीची घडी सांभाळत बसले. बायनाबाईनं पदर पसरला. कारभारी न्हाव्यानं वस्तरा काढला आणि डोक्याभोवती एक फेरी मारून अंदाज घेतला. “जावळाच्या मानानं शिवार मोठं हाय,” तो म्हणाला, आणि लागला कामाला.

पहिली कुरळी बट पदरात पडली तेव्हा काकासाहेबांनी डोळे मिटून घेतले. वस्तरा मेंढरांच्याच सवयीचा होता की काय कोण जाणे, पण अर्ध्या डोक्यावर आल्यावर काकासाहेब कळवळून ओरडले आणि गावातल्या बायका एकदम खूश झाल्या. “रडलं गं बाई, लेकरू रडलं!” जावळात लेकरानं रडायचं असतं. इतक्यात डावीकडची वीट सरकली, दोन मणांचं लेकरू मामावर कलंडलं, आणि मग मामाही रडला. त्याला ओढून काढून निंबाखाली झोपवला, पाणी पाजलं, तर तो उठून म्हणाला, “झालं का? मंग जल्दी जेवायला वाढा.”

जेवणं झाली, अंगठे लागले, दाखला झाला. निघताना बायनाबाईनं काकासाहेबांच्या चकचकीत डोक्यावरून हात फिरवला. “आता खरा वाडीचा दिसतो,” ती म्हणाली. “तुझ्या बापाला सांग, बायना अजून जित्ती हाय.” काकासाहेबांनी टोपी घातली. टोपी कानांपर्यंत आली.

दिवेलागणीला ते घरी पोचले तेव्हा आबा नेहमीप्रमाणे ओट्यावर बसलेले. पोरानं टोपी काढली. आबांनी पाहिलं आणि उभेच राहिले.

“कोण गेलं?” आबांनी विचारलं. मग त्यांनी बोटांवर नातलग मोजले. टक्कल करण्याजोगं त्यांना एकच नाव सापडलं, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं. “मी तं हितं हाय की रे, काक्या!”

काकासाहेबांनी सगळं सांगून टाकलं. परिचय, दाखला, विटा, पाट, बायनाबाई. आबा आत मागच्या खोलीत गेले आणि डोक्यावरून घोंगडी घेऊन पडून राहिले. जवळजवळ चाळीस वर्षं जपलेलं भांडण पोरानं परस्पर मिटवून टाकलं, हे त्यांना फार लागलं होतं.

इकडे सकाळी सर्जेरावांनी खिडकीतून पाहिलं. ओटा रिकामा. कित्येक वर्षांत पहिल्यांदा रिकामा. आणि अंगणात काकासाहेब गुळगुळीत डोक्यानं दात घासत उभे. सर्जेरावांनी आयुष्यभर पिकांचे पंचनामे केले होते. त्यांना आणखी पुरावा लागत नव्हता. काकासाहेबांची आंघोळ होईपर्यंत बातमी गल्लीच्या टोकाला गेली आणि तिथून सायकलवर बसून कचेरीत पोचली.

काकासाहेब दाखला घेऊन कचेरीत शिरले तर सगळी टेबलं उभी राहिली. ज्या माणसानं मागच्या दिवाळीपासून त्यांच्याशी अबोला धरला होता, तो येऊन गळ्यात पडला. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, स्वतःचा पाण्याचा पेला पुढं केला.

“साहेब, तो दाखला...” काकासाहेब म्हणाले.

“दाखल्याचं राहू द्या, वाघमोडे. वडील गेलेल्या माणसाकडे दाखले मागायला मी काय राक्षस आहे? आणि हे पाहा, अशा वेळी तुम्हाला किनवटला पाठवणं माझ्याकडून होणार नाही. समजलं?”

काकासाहेबांचं तोंड उघडलेलं होतं. ते त्यांनी हळूच मिटून घेतलं.

बाहेर तातेरावानं सल्ला दिला, “गप राहायचं, साहेब. खोटं तं तुमी बोलले न्हाईत. ते आपल्या मनानं समजून राह्यले.” कारकुनी डोक्याला हे एकदम पटलं. वरिष्ठांचा गैरसमज दुरुस्त करणं हे कारकुनाच्या कामात कुठं बसतं? सेवानियमांत तसं कलम नव्हतं.

पण पुण्याचा माणूस मोठा रीतीचा. संध्याकाळी साहेब स्वतः भेटीला घरी आले. बरोबर वाट दाखवायला सर्जेराव. काकासाहेबांना घाम फुटला, प्रभावतीनं दाराआडून कपाळाला हात लावला. साहेब सतरंजीवर टेकतात न टेकतात तोच मागच्या खोलीचं दार उघडलं आणि काल रात्रीपासून उपाशी असलेले बिरूआबा पाणी प्यायला बाहेर आले.

सर्जेराव भिंतीला टेकले. आबांनी साहेबांकडे पाहिलं, पोराच्या तोंडाकडे पाहिलं. आपल्या मरणाचं सकाळपासूनचं सगळं त्यांनी घोंगडीखालून ऐकलेलंच होतं.

“आपण?” साहेबांनी विचारलं.

“मी बिरूचा भाऊ,” आबा म्हणाले. “गावाकडून आल्तो. मातीला.”

“फार वाईट झालं. कसे होते हो ते?”

आबा सावकाश खाली बसले. असा प्रश्न त्यांना आयुष्यात कोणी विचारला नव्हता.

“बिरू ना? बिरू लई हट्टी माणूस, साहेब. आठ वर्साचा असताना शंभर मेंढरं एकला घेऊन जायाचा. बासरी? न्हाई, बासरी न्हाई. मेंढरामागं कान जागा ठेवावा लागतो. बासरी वाजवित बसला तं लांडगा पाठीमागून कोकरू नेतो. पवणं? प्यायला पाणी न्हाई तं पवतो कुठं? चालता चालता टकळीवर लोकर कातायचा, त्यो एक नाद. हितून भोकरदनला जाऊन आला की घोंगडीचा एक हात निघायचा. कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं ते अंधारात नुसतं हात लावून सांगायचा. आवड म्हणाल तं बाजरीची भाकर अन् मेंढीचं दूध, दुसरं काही मागितलं न्हाई त्यानं. मंग एका मेंढ्यापायी थोरल्या भावाशी भांडला अन् गाव सोडलं. भाऊ म्हणला मेंढा लंगडा हाय.” आबा थांबले. “व्हताच लंगडा, साहेब. मला बी दिसत व्हतं. पण बिरूला ते कबूल करायला चाळीस वर्सं लागली. तवर भाऊ गेला. अन् आता ह्यो बी गेला.”

एवढं बोलून आबा आपल्या मरणावर मनापासून रडले. साहेबांनी चष्मा पुसला. सर्जेरावही रडले, आणि ते तर आबांचं तोंड रोज सकाळी बघत होते. काकासाहेब मात्र बापाकडे नुसते बघत राहिले. अडतीस वर्षं एका घरात राहून त्यांना यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं.

जाताना साहेब म्हणाले, “जागा तुमची, वाघमोडे. अशा बापाचा मुलगा मला दुसरा कुठं मिळणार? विशेष बाब म्हणून आजच वर लिहितो. उद्या फक्त एक साधा अर्ज द्या, वडिलांचं निधन झालं म्हणून. मृत्यूचा दाखला मागाहून जोडला तरी चालेल.”

दार लागल्यावर प्रभावतीला आनंदानं काय करावं ते सुचेना. आबा म्हणाले, “मंग लिही की. मेला म्हणून लिही. म्हाताऱ्या माणसाला काय फरक पडतो? फार तं ओट्यावर बसायचं बंद करीन.”

काकासाहेबांनी कागद घेतला, समास सोडला, टाक शाईत बुडवला. ‘सविनय सादर’ लिहिलं. ‘माझे वडील’ लिहिलं. आता ‘कै.’ लिहायचं आणि पुढं बिरू लक्ष्मण वाघमोडे. सोळा वर्षांच्या नोकरीत या हातानं काय काय लिहिलं नव्हतं! न पडलेला पाऊस लिहिला होता, न झालेल्या सभांचे वृत्तांत लिहिले होते, परवाच तर नदी लिहिली होती. पण ‘कै.’ उमटेना. टाक तीनदा बुडवला, तीनदा वाळला. समोर आबा दिवसभराच्या उपासानंतर भाकरी खात बसले होते, आणि काकासाहेब त्यांच्या हातातल्या घासाकडे बघत होते.

सकाळी ते तोच अर्धवट कागद घेऊन साहेबांपुढं उभे राहिले. “साहेब, माझे वडील जिवंत आहेत. काल तुम्ही त्यांच्याशीच बोललात.” आणि मग विटांपासून वस्तऱ्यापर्यंत सगळं.

साहेबांनी टेबलावरचा परिचय पुढं ओढला. “म्हणजे बासरी?”

“येत नाही.”

“पोहणं?”

“पाण्याची भीती वाटते.”

“गुराढोरांची शुश्रूषा?”

काकासाहेबांनी मान खाली घातली. साहेब माणूस वाईट नव्हता. पण जिवंत माणसापुढं रडून आलेला साहेब हा निराळाच साहेब असतो. दुपारच्या टपालानं किनवटचा हुकूम निघाला. जालन्याची जागा एका उमेदवाराला मिळाली, ज्याच्या परिचयात छंद पाच होते. सर्जेरावांना याचा फार धक्का बसला.

घरी आल्यावर आबांनी विचारलं, “कशापायी न्हाई लिहिलं?”

“तुमी हायात म्हणून,” काकासाहेब म्हणाले. असं बोलणं त्यांच्या तोंडून कधी येत नसे. त्यांनाच त्याचं नवल वाटलं.

“येडं हाय पोरगं,” आबा प्रभावतीला म्हणाले. ते उठून आत गेले आणि बराच वेळ आत खुडबूड करत राहिले. बाहेर आले तेव्हा काखेत घोंगडी होती आणि हातात भाकरी थापायची काठवट. “तू एकला तिकडं काय खाशील? तुला चहा बी येत न्हाई. मी येतो. मेंढरामागं चार चार महिने स्वतः करून खाल्लंय. पर किनवट मागून. आधी वाडीला जाऊन बायनाला तोंड दाखवू.”

ते तसंच झालं. वाडीत दोन दिवस राहून, बायनाबाईच्या शिव्या पोटभर खाऊन, जूनच्या पहिल्या आठवड्यात बापलेक जालन्याच्या स्टँडवरून नांदेडच्या गाडीत बसले. तिथून पुढं किनवटची गाडी धरायची होती. प्रभावती खिडकीशी उभी राहून डोळे पुसत पुसत पथ्यपाण्याच्या सूचना देत होती, आणि काकासाहेब भरल्या डोळ्यांनी मान डोलावत होते. गाडी हलली. काकासाहेबांच्या डोक्यावर आता बोटाच्या पेराएवढे केस आले होते, भांग पाडण्यासारखे नव्हते.

शेजारच्या बाकावरच्या माणसानं ते डोकं पाहिलं, ओले डोळे पाहिले आणि हळूच विचारलं, “कोण गेलं हो तुमचं?”

काकासाहेब काही बोलायच्या आत आबा मध्ये वाकले.

“कोणी न्हाई गेलं,” आबा म्हणाले. “माझ्या लेकराचं जावळ काढलं.”